कॅमेऱ्याच्या चुकीतून दुहेरी छायाचित्र: चूक ओळखावी कशी आणि पुन्हा घडवावी कशी

डिजिटल कॅमेऱ्याने काढलेले एखादे छायाचित्र संगणकावर उघडावे आणि त्यात दोन दृश्ये एकमेकांत मिसळलेली दिसावीत, असा प्रसंग बहुतेक छायाचित्रकारांवर केव्हा ना केव्हा येतो. चेहऱ्यातून झाडाच्या फांद्या आरपार दिसतात, रिकाम्या खुर्चीवर अर्धपारदर्शक माणूस बसलेला असतो, किंवा आभाळाच्या खाली भलत्याच दिवशी टिपलेला रस्ता उगवलेला असतो. अशा वेळी हात आपोआप डिलीटच्या बटणाकडे जातो. तो थोडा वेळ आवरावा, कारण ही चूक नेमकी कोठे झाली हे शोधून काढता आले, तर ती हवी तेव्हा पुन्हा घडवता येते. नशिबाने हाती लागलेले एखादे चांगले चित्र आणि त्यातून विचारपूर्वक उभी केलेली चित्रमालिका यांच्यामध्ये एवढा एकच शोध असतो.

फिल्मच्या काळात अशा चुकीचे कारण शोधावे लागत नसे. रीळ पुढे सरकवायचे राहून गेले की एकाच चौकटीवर दोनदा प्रकाश पडे. काचेच्या प्लेटच्या जमान्यात नीट न पुसलेली जुनी प्लेट पुन्हा वापरली, तरी जुनी आकृती नव्या चित्रात उमटे. अमेरिकेतील छायाचित्रकार विल्यम मम्लर याने १८६०च्या दशकात गिऱ्हाइकांच्या पाठीमागे त्यांच्या दिवंगत आप्तांच्या धूसर आकृती दाखवून बरेच नाव कमावले. १८६९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याच्यावर फसवणुकीचा आरोप ठेवण्यात आला, पण पुराव्याअभावी तो सुटला. पुढे १८८२च्या सुमारास फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे याने एकाच प्लेटवर ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा प्रकाश पाडला आणि चालणाऱ्या माणसाच्या हालचालींची नोंद केली. एकाने ज्या गोष्टीचे भूत केले, तिचेच दुसऱ्याने मोजमापाचे साधन केले.

डिजिटल कॅमेऱ्यात रीळच नसते. फिल्मच्या जागी प्रकाश टिपणारा सेन्सर असतो. प्रत्येक छायाचित्रापूर्वी त्याच्यावरचा जुना विद्युतभार काढून टाकला जातो, त्यामुळे मागच्या चित्राचा ठसा पुढच्या चित्रावर राहण्याचे सहसा कारण नसते. तरीही दुहेरी चित्रे मिळतात, आणि ती तीन ठिकाणी जन्माला येतात. शटर उघडे असताना खुद्द सेन्सरवर, अनेक चौकटी एकत्र करणाऱ्या कॅमेऱ्यातील सॉफ्टवेअरमध्ये, किंवा चित्र साठवताना मेमरी कार्डावर. कॅमेऱ्यात बिघाड झाला असे लोक सरसकट म्हणतात, पण माझ्या पाहण्यात अशा दहांतल्या बहुतेक चित्रांत कॅमेरा अगदी ठणठणीत असतो. त्याने आपले काम चोख केलेले असते, फक्त ते काम वापरणाऱ्याच्या मनात नसते.

आधी निदान

चित्र शंभर टक्के मोठे करून पाहावे आणि दुसरी आकृती कोठे ठळक आहे व कोठे नाहीशी झाली आहे, हे प्रथम तपासावे. प्रकाशाची खरीखुरी बेरीज झाली असेल, तर दुसरे दृश्य पहिल्याच्या काळोख्या भागात स्पष्ट दिसते आणि पांढऱ्याशुभ्र भागात पुसले जाते, कारण भरून वाहणाऱ्या पांढऱ्यात आणखी प्रकाश मिळवला तरी फरक दिसत नाही. याउलट पांढरा भाग करडा पडला असेल आणि दोन्ही दृश्ये सारखीच फिकट वाटत असतील, तर ती बेरीज नव्हे, सरासरी आहे. सरासरी काढण्याचे काम सॉफ्टवेअरच करते.

यानंतर हालचालीची खूण शोधावी. एक आकृती लख्ख आणि तिच्याभोवती ओढल्यासारखी पुसट छाया, दिव्यांच्या जागी वळवळणाऱ्या रेघा, असे दिसले तर मंद शटर आणि फ्लॅश यांची जोडगोळी कारणीभूत आहे हे जवळजवळ नक्की समजावे. इमारती, खांब, जमीन एकेरी आणि फक्त माणसे किंवा पाने दुहेरी असतील, तर एचडीआर किंवा रात्रीच्या दृश्यांसाठी असलेली, अनेक चौकटी जोडणारी पद्धत चालू राहिलेली असते. दोन चित्रांमध्ये सरळ आडवी सीमारेषा असेल, ती जवळून पाहता चौकोनी पायऱ्यांची बनलेली दिसत असेल आणि तिच्याखाली रंग एकाएकी गुलाबी किंवा हिरवट झाले असतील, तर चूक प्रकाशाची नसून फाइलची आहे.

काचेतील प्रतिबिंब हा या सगळ्यांत सर्वाधिक फसवणारा प्रकार आहे. खिडकीतून किंवा काचेच्या दारातून काढलेल्या चित्रात मागचे दृश्य पुढच्या दृश्यावर इतक्या बेमालूमपणे बसते की अनुभवी नजरही क्षणभर चकते. दुसऱ्या आकृतीत एखादी पाटी, आकडा किंवा घड्याळ असेल तर ते वाचून पाहावे. अक्षरे उलटी असतील तर विषय तेथेच संपला, कारण ते निव्वळ प्रतिबिंब आहे. अर्थात चित्र चांगले असेल तर ते केवळ प्रतिबिंब आहे म्हणून टाकून देऊ नये.

शेवटी फाइलमध्ये नोंदलेली माहिती वाचावी. शटरचा वेग एक पंधरांश सेकंदापेक्षा मंद आहे काय, फ्लॅश उडाला होता काय, कोणता सीन मोड निवडलेला होता आणि फाइलच्या क्रमांकात मध्येच खंड पडला आहे काय, एवढ्या चार गोष्टींवरून बहुतेक प्रकरणांचा उलगडा होतो. दोन वेळा बटण दाबले आणि फाइल मात्र एकच तयार झाली, असे आढळले तर मल्टिपल एक्स्पोजरची, म्हणजे अनेक चौकटी एकाच चित्रात मिसळण्याची सोय नकळत चालू राहिलेली असते.

सेन्सरवर घडणारी चूक

माझ्या मते तिन्हींत हीच सर्वांत श्रीमंत पद्धत आहे. हिच्यासाठी कोणतीही खास सोय लागत नाही, फक्त शटरचा वेग हाताने ठरवता येणारा कॅमेरा पुरे. सेन्सरवरील प्रत्येक बिंदूत पडणाऱ्या प्रकाशामुळे इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि शटर उघडे असेपर्यंत ते तेथेच साठत राहतात. पहिल्या सेकंदाला आलेला प्रकाश आणि सातव्या सेकंदाला आलेला प्रकाश यांत तो बिंदू काहीच भेद करत नाही. म्हणजे शटर उघडे असेपर्यंत डिजिटल सेन्सर अगदी फिल्मसारखा वागतो, आणि त्या मुदतीत समोरचे दृश्य बदलले तर दोन्ही दृश्ये एकाच चित्रात येतात.

ही चूक अपघाताने घडते ती बहुधा रात्रीच्या व्यक्तिचित्राच्या मोडमध्ये. त्या मोडमध्ये कॅमेरा फ्लॅश उडवतो, पण मागची रोषणाईही यावी म्हणून शटर अर्धा किंवा एक सेकंद उघडे ठेवतो. फ्लॅशचा प्रकाश साधारण एक हजारांश सेकंद किंवा त्याहूनही कमी वेळ टिकत असल्यामुळे माणूस त्या झोतात गोठून जातो. फ्लॅश उडाला म्हणजे फोटो निघाला असे समजून छायाचित्रकार कॅमेरा खाली घेतो, आणि उरलेल्या वेळात समोर येणारे दिवे, भिंती, माणसे चित्रात मिसळत जातात.

हेच मुद्दाम करायचे असेल तर अंधारी खोली निवडावी, कॅमेरा तिपाईवर लावावा, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, लेन्सचे छिद्र एफ ८ आणि शटर ८ ते १० सेकंद ठेवावे. दिवा चालू असतानाच फोकस साधून घ्यावा आणि लगेच तो हाताच्या फोकसवर वळवावा, नाहीतर अंधारात लेन्स फोकस शोधत राहील आणि शटर उघडणारच नाही. तिपाईवर असताना प्रतिमा स्थिर ठेवणारी सोय बंद करावी. दिवा घालवून शटर उघडावे, समोर बसलेल्या व्यक्तीवर हातातला सुटा फ्लॅश उडवावा, मग काळे, न चकाकणारे पुठ्ठे लेन्ससमोर धरावे. लेन्सला हात लागू देऊ नये. पुठ्ठे धरलेले असताना व्यक्तीने जागा किंवा मुद्रा बदलावी, पुठ्ठे काढावे, आणि दुसऱ्यांदा फ्लॅश उडवावा. शटर किती सेकंद उघडे होते याला येथे महत्त्व नाही. काळोखात प्रकाश येतो तो फ्लॅशचाच, म्हणून उजेडाचे प्रमाण फ्लॅशच्या शक्तीवर आणि छिद्रावर ठरते.

खोलीची पार्श्वभूमी काळी असणे येथे फार मोलाचे आहे, आणि याचे कारण नीट समजून घेतले पाहिजे. समजा, थोडा उजेड असलेल्या खोलीत ८ सेकंदांपैकी ४ सेकंद एक माणूस फिक्या रंगाच्या भिंतीसमोर उभा राहिला आणि मग चौकटीबाहेर गेला. त्याने गडद कपडे घातले असतील, तर त्याच्या जागी पुढची ४ सेकंद भिंतीचा भरपूर प्रकाश साठतो आणि त्याचा सदरा जवळजवळ विरून जातो, चेहरा व हात तेवढे फिकट दिसत राहतात. तोच माणूस पांढऱ्या कपड्यांत काळ्या भिंतीसमोर उभा राहिला असता, तर तो निघून गेल्यावर त्या जागी काहीच भर पडली नसती आणि त्याची आकृती ठाम राहिली असती. आकृती किती पारदर्शक दिसावी हे म्हणूनच दोन गोष्टींवर ठरते, माणूस किती वेळ थांबला आणि त्याच्यामागे किती उजेड होता. पाच सेकंद आणि तीन सेकंद अशी विभागणी बदलत पाहिली की या गोष्टीचा हाताला अंदाज येतो.

उघड्यावर, संधिप्रकाशात, हातात कॅमेरा धरूनही हे करता येते. शटर अर्ध्या सेकंदापासून एका सेकंदापर्यंत ठेवून फ्लॅशने जवळची व्यक्ती टिपावी आणि त्याच क्षणी कॅमेरा मनगटातून हलकेच वळवावा किंवा झूम फिरवावा. फ्लॅश शटर उघडताच उडावा की मिटण्याच्या आधी, हे कॅमेऱ्यात ठरवता येते. चालत्या माणसाच्या बाबतीत सुरुवातीच्या फ्लॅशने ओढलेली छाया त्याच्या पुढे जाते आणि शेवटच्या फ्लॅशने ती मागे राहते. मागे राहिलेली छाया डोळ्यांना स्वाभाविक वाटते. पुढे गेलेली छाया विचित्र वाटते, आणि अशा चित्रांत कित्येकदा तीच हवी असते.

लांब मुदतीचे चित्र घेतल्यावर कॅमेरा काही सेकंद काहीच प्रतिसाद देत नाही, तेव्हा तो अडकला असे समजून बॅटरी काढू नये. नॉइज, म्हणजे चित्रातील नको असलेले ठिपके, कमी करण्यासाठी तो तितक्याच मुदतीची दुसरी, शटर मिटलेली चौकट घेत असतो. ८ सेकंदांच्या चित्रासाठी आणखी ८ सेकंद जातात. नको असल्यास ही सोय मेनूतून बंद करता येते.

कॅमेऱ्यातील सॉफ्टवेअरची चूक

एचडीआर मोडमध्ये कॅमेरा कमी, योग्य आणि जास्त उजेडाच्या दोन-तीन चौकटी झटपट घेतो आणि त्यांतील चांगला भाग निवडून एक चित्र जुळवतो. दरम्यान कोणी चालत गेले तर त्याची दोन किंवा तीन अर्धवट रूपे उरतात. ही रूपे सगळीकडे सारखी पारदर्शक नसतात, कारण कोणत्या जागी कोणती चौकट घ्यायची याचा निर्णय सॉफ्टवेअर त्या त्या भागाच्या उजेडावरून घेते. त्यामुळे माणसाचा खांदा ठळक आणि त्याच खांद्याखालचा हात गायब, असे काही दिसते. ही चूक हवी असेल तर चौकटी आपोआप जुळवण्याची आणि भुतासारख्या आकृती पुसण्याची सोय बंद करावी. ती कॅमेऱ्यात बंद होत नसेल तर वेगवेगळ्या उजेडाच्या तीन चौकटी स्वतंत्र काढून संगणकावर एकत्र कराव्यात, म्हणजे पुसायचे काय आणि ठेवायचे काय हे आपल्या हाती राहते.

आजच्या फोनमध्ये मात्र हा अपघात दुर्मीळ होत चालला आहे. रात्रीच्या मोडमध्ये फोन अनेक चौकटी घेतो, त्या एकमेकींवर बसवतो आणि जे हलले आहे ते शक्य तितके वगळतो. चांगल्या चित्रासाठी केलेली ही व्यवस्था आपल्या कामाला अडथळा ठरते. मंद शटरचा आभास देणारी, चौकटींची नुसती बेरीज करणारी ॲप वापरल्यास हा अडथळा दूर होतो. फोनमधील पॅनोरमा अजूनही उदार आहे. कॅमेरा एका बाजूला फिरवताना एखादी व्यक्ती छायाचित्रकाराच्या पाठीमागून पळत पुढे गेली तर ती एकाच चित्रात दोनदा येते, कॅमेरा फिरतो त्याच दिशेने चालली तर ताणली जाते, आणि उलट दिशेने चालली तर चिंचोळी होते.

मल्टिपल एक्स्पोजरची सोय अनेक डीएसएलआर आणि मिररलेस कॅमेऱ्यांत असते. ती चालू राहिल्याने अपघात होतो हे खरे, पण ती समजून वापरली तर सर्वाधिक नियंत्रण याच मार्गाने मिळते. तेथे बहुधा बेरीज, सरासरी, उजळ आणि गडद असे पर्याय असतात. बेरीज निवडली तर प्रत्येक चौकटीचा उजेड आधीच कमी करावा लागतो. दोन चौकटींसाठी प्रत्येकी १ स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा), तीन चौकटींसाठी सुमारे दीड स्टॉप, चारसाठी २ स्टॉप. सरासरीत हा हिशेब कॅमेराच करतो. उजळ पर्यायात प्रत्येक बिंदूसाठी दोन्ही चौकटींतील जास्त उजेडाचा बिंदू राखला जातो, म्हणून काळ्या आकाशातील चंद्र किंवा दूरचे दिवे दुसऱ्या दृश्यावर बसवायला तो उत्तम. गडद पर्याय याच्या नेमका उलट.

या सोयीतून एक खात्रीचा प्रयोग असा करता येतो. पहिल्या चौकटीत व्यक्तीची बाजूने दिसणारी आकृती उजळ, ढगाळ आकाशासमोर टिपावी, आणि उजेड मुद्दाम वाढवून आकाश पूर्ण पांढरे होऊ द्यावे, मात्र चेहरा काळोखात राहिला पाहिजे. दुसरी चौकट दाट पानांची, जाळीची किंवा पाण्यावरील तरंगांची घ्यावी. बेरजेत आकाश पांढरेच राहते आणि दुसरे दृश्य फक्त चेहऱ्याच्या काळ्या आकारात भरले जाते. कपाळ, नाक आणि हनुवटी यांची कड स्वच्छ आली की चित्र उभे राहते. केसांच्या बटा सुटलेल्या असतील तर त्यांतून आकाशाचा प्रकाश शिरतो आणि कड मोडते, म्हणून केस बांधून घ्यावेत. दुसऱ्या चौकटीत मोठे आकार टाळावेत, कारण चेहऱ्याएवढ्या जागेत एक जाड खोड आले तर तो केवळ डाग वाटतो. काही कॅमेऱ्यांत ठरावीक वेळात दुसरी चौकट घेतली नाही तर ही सोय आपोआप बंद होते, म्हणून दुसरा विषय आधीच ठरवून ठेवावा.

मेमरी कार्ड आणि फाइल

फाइल बिघडून तयार झालेले चित्र काटेकोर अर्थाने दुहेरी नसते. त्यात दोन चित्रे एकमेकांवर बसत नाहीत, तर एकाच्या खाली दुसरे जोडले जाते. कार्डावर चित्र छोट्या छोट्या तुकड्यांत साठवले जाते आणि कोणता तुकडा कोणाच्या पुढे, याची नोंद वेगळ्या तक्त्यात असते. चित्र पुसले तरी तुकडे तसेच राहतात, फक्त नोंद जाते. पुसलेली चित्रे परत मिळवताना एका चित्राच्या तुकड्यांना दुसऱ्याचे तुकडे चिकटले, की सकाळच्या चेहऱ्याला संध्याकाळचा रस्ता जोडला जातो. कित्येकदा अशा फाइलचे छोटे, १६० बाय १२० बिंदूंचे पूर्वचित्र एक दृश्य दाखवते आणि उघडल्यावर दुसरेच दिसते, कारण ते पूर्वचित्र फाइलच्या सुरुवातीला स्वतंत्रपणे ठेवलेले असते.

असे चित्र मिळाल्यास त्या कार्डावर आणखी काही टिपू नये आणि ते फॉरमॅटही करू नये. कार्डाची संपूर्ण प्रत संगणकावर घ्यावी आणि पुढचे काम त्या प्रतीवर करावे. फोटोरेकसारखे विनामूल्य साधन परत मिळवण्याच्या कामी येते.

रंग एकाएकी का बदलतात, हे समजले तर तीच चूक मुद्दाम करता येते. १९९२ च्या जेपेग मानकानुसार चित्र ८ बाय ८ बिंदूंच्या चौकोनांत विभागले जाते. प्रत्येक चौकोनाचा सरासरी उजेड व रंग थेट न लिहिता मागच्या चौकोनापेक्षा किती फरक आहे, एवढेच लिहिले जाते. एका ठिकाणी आकडा चुकला की पुढच्या प्रत्येक चौकोनाचा हिशेब तेवढ्याने चुकत जातो, म्हणून खालचे सगळे चित्र गुलाबी होते किंवा बाजूला सरकते.

फाइलची प्रत हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलमधील प्रत्येक बाइट आकड्या-अक्षरांच्या जोडीने दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडावी. मूळ फाइलला हात लावू नये, हे वेगळे सांगायला नको. चित्राचा प्रत्यक्ष मजकूर एफएफ डीए या खुणेनंतर सुरू होतो. पूर्वचित्राच्या आतही अशीच खूण असल्यामुळे शोधताना शेवटची धरावी. तिच्या अलीकडचे काही बदलले तर फाइल उघडेनाशी होऊ शकते. खुणेपासून बरेच पुढे जाऊन एखाददुसरी बाइट बदलावी, मात्र तेथे एफएफ लिहू नये, कारण ती जोडी खुणांसाठी राखीव आहे. बदल जितका वर, तितका परिणाम मोठा. एकदम दहा ठिकाणी बदल केल्यास नुसता चिखल होतो. एक बदल, एक नजर, मग दुसरा बदल, या बेताने जावे. बिघडलेली फाइल वेगवेगळ्या प्रोग्रॅममध्ये वेगवेगळी दिसते, म्हणून मनासारखे रूप दिसताच ते पीएनजी म्हणून निर्यात करून ठेवावे.

या तुटक्या चित्राला खरे दुहेरी करायचे असेल तर ते मूळ चित्रावर थर म्हणून ठेवावे. स्क्रीन हा मिश्रणाचा प्रकार प्रकाशाच्या बेरजेच्या जवळ जातो आणि पांढऱ्याच्या पलीकडे उडी मारत नाही, लायटन हा कॅमेऱ्यातील उजळ पर्यायासारखा वागतो. साध्या बेरजेचा प्रकार निवडल्यास चित्र बहुधा भडक होते. याचे कारण साठवलेले आकडे खऱ्या प्रकाशाच्या प्रमाणात नसतात, डोळ्यांच्या सोयीसाठी वळवलेले असतात. फिल्मसारखा मऊ परिणाम हवा असेल तर रॉ फाइलवरून (सेन्सरची नोंद जशीच्या तशी ठेवणारी फाइल), रेषीय प्रकाशाच्या हिशेबाने थर मिसळावेत. गिम्प या चित्रसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये २.१० आवृत्तीपासून ही व्यवस्था आहे.

खरा बिघाड असेल तर

काही थोड्या प्रकरणांत उपकरण खरोखरच नादुरुस्त असते. सीसीडी या जुन्या प्रकारच्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात शटर उघडेच अडकले, तर विद्युतभार ओळीओळीने बाहेर सरकत असतानाही त्यावर प्रकाश पडत राहतो आणि तेजस्वी वस्तूंपासून उभे पट्टे निघतात. २००५ मध्ये एका सेन्सर-मालिकेतील जोडण्या उष्ण व दमट हवेत निकामी होत असल्याचे उघड झाले. त्या कॅमेऱ्यांतून जांभळट, आडव्या रेघांनी विस्कटलेली चित्रे येत, आणि अनेक उत्पादकांनी तो भाग विनामूल्य बदलून दिला. असे जुने कॅमेरे काही जण आता मुद्दाम जमवतात. त्यांची चित्रे देखणी असतात हे मान्य, पण तो परिणाम आज जसा आला तसा उद्या येईल याचा भरवसा नसतो, त्यामुळे मालिकेसाठी त्यांच्यावर विसंबणे मला पटत नाही.

नादुरुस्ती वाढवून पाहण्यासाठी कॅमेरा उघडण्याचा मोह काहींना होतो. फ्लॅशसाठी बसवलेल्या, वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्टचा भार असतो आणि बॅटरी काढल्यानंतरही तो बराच वेळ टिकतो, त्याचा धक्का गंभीर असू शकतो. फ्लॅश असलेला कॅमेरा घरी उघडूच नये. फाइल लिहिली जात असताना कार्ड ओढून काढणे हाही एक लोकप्रिय सल्ला आहे, आणि तो वाईट सल्ला आहे. त्यात एका चित्राऐवजी सगळे कार्ड जाऊ शकते. सूर्यावर किंवा लेझरवर मंद शटरने लेन्स रोखल्यास सेन्सर कायमचा जळू शकतो.

जपणे, सांगणे, छापणे

मूळ फाइल आणि तिच्यातील नोंदी जशाच्या तशा ठेवाव्यात. चित्रे आपोआप सुधारणारे किंवा आकार कमी करणारे प्रोग्रॅम या नोंदी पुसतात, आणि मग शटर किती होते हे कळायला मार्ग राहत नाही. पुढे हेच चित्र पुन्हा घडवायचे असेल तर शटर, छिद्र, फ्लॅशची शक्ती, पुठ्ठे किती वेळ धरले आणि पार्श्वभूमी काय होती, हे लगेच लिहून ठेवावे. शेवटच्या दोन गोष्टी कोणत्याही फाइलमध्ये नोंदल्या जात नाहीत.

चित्र इतरांना दाखवताना ते कसे झाले, हे एका ओळीत सांगावे. कलाचित्र म्हणून कोणाची हरकत नसते, पण घटनेची नोंद म्हणून दुहेरी चित्र देणे वृत्तछायाचित्रणात मान्य नसते, आणि स्पर्धेला पाठवण्यापूर्वी तिचे नियम वाचलेले बरे, कारण कॅमेऱ्यात झालेले मिश्रण आणि संगणकावर केलेले मिश्रण यांना वेगळे नियम असू शकतात.

छपाईत या चित्रांचा वेगळाच प्रश्न उभा राहतो. पडद्यावर काळोख्या भागात अलगद दिसणारी दुसरी आकृती कागदावर बहुधा गडप होते, कारण पडदा स्वतः प्रकाश फेकतो आणि कागद फक्त परतवतो. खरखरीत, न चकाकणाऱ्या कागदावर हे जास्त जाणवते. म्हणून संपूर्ण चित्र छापण्याआधी दुसरी आकृती जेथे सर्वांत पुसट आहे तेवढाच पट्टा निवडावा, त्यातील काळोखा भाग तीन वेगवेगळ्या प्रमाणांत उजळ करून एकाच कागदावर छापावा, शाई पूर्ण वाळू द्यावी, आणि चित्र जेथे लावायचे आहे तेथील उजेडात पाहून त्यांतील एक प्रमाण पक्के करावे.